सायंकार सरांचा संगीत व्यवसाय

काही कॉलेजांतून इंजिनिअर निघतात, काहींतून मास्तर. आमच्या कोर्समधून फक्त किस्से निघाले.

आम्ही सात जण होतो. आज कोणी विमा विकतो, कोणी ग्रामपंचायतीत चिकटला आहे, माझं स्टेशनरीचं दुकान आहे. पण वर्ध्यात कोणाच्या लग्नात आमच्यातले दोघं जरी एका पंगतीत सापडले, तर वाढपी बुंदी घेऊन तीनदा फिरून जातो आणि आमचं पानाकडे लक्ष नसतं. एक जण म्हणतो, "सायंकार आठवते का बे?" झालं! वऱ्हाडी मंडळी हात धुऊन गेली तरी आम्ही आपले तिथेच.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. कॅसेटचे दिवस नुकते सुरू झाले होते. पानठेल्यावर टेप, सलूनमध्ये टेप. आमचे प्रिन्सिपॉल कुठल्याशा मीटिंगला जाऊन आले आणि येताना 'व्यावसायिक शिक्षण' हा शब्द घेऊन आले. गाण्यात धंदा आहे, तर धंद्याचा कोर्स पाहिजे! काढला डिप्लोमा. नाव 'संगीत व्यवसाय'. कॉलेजात संगीताचा शिक्षक नव्हता, म्हणून कोर्स दिला कॉमर्सच्या प्राध्यापक पुरुषोत्तम सायंकारांकडे. त्यांची पात्रता एवढीच, की त्यांच्या घरी रेकॉर्ड प्लेअर होता. तोही बंद.

मी हिंगणीच्या शेतकऱ्याचा पोरगा, पिपरी मेघेला खोली करून राहायचो. बी.कॉम.च्या यादीत माझं नाव लागलं नाही म्हणून इकडे आलो. बाकीच्यांचंही तेच. सातांत संगीतासाठी आलेली एकच, नालवाडीची सुनंदा ताकसांडे. तिला पेटी वाजवता यायची. म्हणजे त्या अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये ज्याला काही येत होतं असं एकच माणूस, आणि ते बाकावर बसायचं!

* * *

सायंकार सर पंधरा वर्षं 'कापूस व्यापार' शिकवत होते. त्यांची एक पिवळी पडलेली वही होती. नवा कोर्स मिळाल्यावर सरांनी नवी वही केली नाही. जुन्या वहीत जिथे जिथे 'कापूस' होता, तिथे तिथे काट मारून 'संगीत' लिहिलं.

पहिले दोन दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. "संगीताचा भाव जागतिक बाजारपेठेवर अवलंबून असतो." आम्ही लिहून घेतलं. "विदर्भातील संगीत लांब धाग्याचे नाही." हेही लिहून घेतलं. मला तर फार खोल वाटलं ते.

तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "संगीत ओलसर असल्यास त्याचे वजन वाढते व व्यापारी फसतो."

सहा पेनं चालली. सुनंदाचं थांबलं.

"सर, कोन्तं संगीत ओलसर राह्यते जी?"

सरांनी वहीकडे पाहिलं. खिडकीबाहेर पाहिलं. पुन्हा वहीकडे पाहिलं. दुसरा असता तर खाली बसला असता.

"पावसाळी राग, ताकसांडे! लिहा!"

टर्मच्या परीक्षेत तो प्रश्न आला. पाच मार्कांना. मी उत्तर जसंच्या तसं लिहिलं आणि चार मिळाले. एक काऊन कापला, ते आजवर कळलं नाही.

* * *

कोर्सच्या नावावर एक हार्मोनियम घेतली होती. ती ऑफिसच्या कपाटात बंद असायची आणि चावी खोडे बाबूंच्या जानव्याला. सुनंदा दर सोमवारी जाऊन मागायची.

"बाबूजी, पेटी द्या जी."

"कायले?"

"वाजवाले."

"वाजवून खराब झाली तं?"

"न वाजवूनही खराब होते ना जी!"

"ते नैसर्गिक हाय," खोडे बाबू म्हणाले, "त्याचा जबाब मले द्या लागत नाई."

मग एक दिवस विद्यापीठाची तपासणी समिती आली. तिघं जण. एक वनस्पतीशास्त्राचे, एक भूगोलाचे, आणि तिसरे कशाचे ते शेवटपर्यंत कोणी विचारलं नाही, कारण ते जेवणापुरते जागे होते. कोर्स चालू ठेवायचा की बंद करायचा, हे त्यांच्या हातात.

त्या दिवशी पेटी बाहेर आली. शाल पांघरून, हार घालून! भूगोलवाले पुढे झाले आणि त्यांनी बोटाने एक पट्टी दाबली. आता पेटीचा भाता हलवल्याशिवाय आवाज कुठून निघणार? त्यांनी दुसरी दाबली. तिसरी दाबली. सुनंदा भात्याला हात घालायला पुढे सरकली, तर सरांनी डोळे वटारून तिला जागच्या जागी उभं केलं. पाहुण्यांची चूक दाखवायची नसते!

भूगोलवाल्यांनी कान पेटीजवळ नेला, मान हलवली आणि म्हणाले, "टोन फार सॉफ्ट आहे."

कोर्स चालू राहिला.

* * *

वर्षातून एकदा बाहेरचा वक्ता बोलवायचा नियम होता. सरांनी नागपूरहून एक ऑर्केस्ट्रावाला आणला. नाव मास्टर रॉकी. मूळ नाव रामकृष्ण. पांढरे बूट, पांढरी पॅन्ट, आणि मार्चच्या उन्हात गळ्यात मफलर! विषय होता 'कलाकारांचे व्यवस्थापन'.

रॉकी साहेब खुर्चीवर नाही, टेबलावर बसले.

"पहिला नियम. गायकाले आधी जेवू घालू नका. जेवला का त्याचा आवाज पोटात जाते."

आम्ही लिहिलं.

"दुसरा नियम. पोस्टरवर आपल्याशिवाय कोनाचा फोटो टाकू नका. फोटो छापला का कलाकाराले वाटते, आपन कोनीतरी हाओ."

सायंकार सरांनी हेही स्वतःच्या डायरीत लिहिलं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

सुनंदाने विचारलं, "सर, कलाकारासंग लेखी करार करता का जी तुम्ही?"

"करार?" रॉकी हसले. "पोरी, सही केली का मानूस फसते. म्यां आजवर कुठंच सही केली नाई. हाच तिसरा नियम."

टाळ्या झाल्या. नारळ झाला. मग सरांनी अभिप्रायाची वही पुढे केली. रॉकी साहेबांनी चार ओळी छान लिहिल्या. खाली सहीची जागा आली तसा त्यांचा हात थांबला. सर पेन धरून उभे, रॉकी वहीकडे पाहत उभे, आम्ही सगळे दोघांकडे पाहत. शेवटी रॉकींनी मागे वळून हाक मारली,

"ड्रायव्हर! ये बे, सही कर इथं!"

* * *

मग आलं बाजारपेठेचं सर्वेक्षण. सरांनी छापील प्रश्न दिले. मला आणि सुनंदाला वर्ध्याच्या बाजारातले बँडवाले उस्मान मास्तर मिळाले. म्हातारा माणूस, तोंडात दोनच दात, आणि त्या दोन दातांवर क्लॅरिनेट असा वाजवायचा की रस्त्यावरची सायकल थांबावी.

मी वाचलं, "आपण संभाव्य ग्राहक कसा ओळखता?"

"म्हंजे?"

"कोनाच्या घरी लगीन हाय, हे तुम्हाले कसं कळते जी?" सुनंदाने त्याचं मराठी केलं.

"असं पूछ ना बेटी! शिंप्याच्या दुकानात जाऊन बसतो. ज्यानं एका टायमाले पाच सदऱ्याचं माप देल्लं, त्याच्या घरी लगीन हाय. पोट्टीच्या ब्लाउजचं माप देल्लं तं पोरीकडचे, कोटाचं देल्लं तं पोराकडचे. कोटवाल्याकडे जातो. बँड तोच लावते."

"आणि व्यवसायातली मुख्य अडचण?"

"घोडा," मास्तर चटकन म्हणाले. "बारा मानसं सांभाळतो, कोनी चूं करत नाई. पन घोडा बिथरला का नवरदेव खाली, अन् गाली मले! बोलते काय, तं 'तूच जोरात वाजवलं!'"

अर्ध्या तासात त्या माणसाने जेवढं शिकवलं, तेवढं कॉलेजने दोन वर्षांत शिकवलं नाही. आम्ही दोघांनी जीव ओतून बारा पानांचा रिपोर्ट लिहिला. सरांनी परत दिला तेव्हा त्यावर लाल शाईत शेरा होता : 'उत्तरे अशास्त्रीय. शिंपी हा संगीत व्यवसायाचा घटक नाही.'

* * *

मधल्या काळात माझ्या वडिलांना माझ्या लग्नाची घाई झाली. सेलूकडे एक मुलगी पाहायला गेलो. 'म्युझिक बिझनेस' हा शब्द वडिलांनी एसटीत बसून पाठ केला होता. ओठ हलत होते सारखे.

मुलीच्या वडिलांनी पोहे पुढे केले आणि विचारलं, "पोरगा काय शिकून राह्यला जी?"

"म्युजिक बिजनेस," वडील एका दमात म्हणाले.

 मग आतून मुलीच्या आजीचा आवाज आला, "बँडात हाय का वो पोट्टा?"

"नाई जी आजी," वडील म्हणाले, "कालेजात हाय."

"बाप्पा! बँडाचंही कालेज निघालं का?"

मुलीचे वडील सज्जन माणूस. त्यांनी विषय सावरला. म्हणाले, "हरकत नाई. मंग लग्नात बँड तुमच्याकडूनच, असं समजू ना?"

परत आल्यावर माझे वडील घराच्या दाराशी थांबले आणि म्हणाले, "याच्यापुढं कोनी इचारलं तं सांगजो, बी.कॉम. नापास हाय."

* * *

वडिलांचाच आणखी एक. दुसऱ्या वर्षी आम्हाला खेड्यात एक कार्यक्रम घ्यायचा होता, 'ग्रामीण श्रोता मेळावा'. गाव मी सुचवलं, माझंच हिंगणी. दुपारी दोनची वेळ. सरांच्या साळ्याने कुठल्याशा दवाखान्याची जुनी जीप मिळवून दिली. तिच्या पाठीवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण अजून पुसट दिसत होता. वर भोंगा बांधला.

आणीबाणी जाऊन चारेक वर्षं झाली होती. पण अशाच जिपा येऊन माणसांना नसबंदीला उचलून नेत, हे गाव विसरलं नव्हतं. मी सरांना म्हटलंही, "सर, ही जीप नको." सर म्हणाले, "ग्रामीण मानसिकता मला शिकवू नको."

गावाच्या वेशीवर सरांनी माईक हातात घेतला आणि शुद्ध मराठीत पुकारलं, "सर्व पुरुषांनी त्वरित शाळेच्या पटांगणात जमावे! येणाऱ्या प्रत्येकास भेटवस्तू देण्यात येईल!"

भेटवस्तू म्हणजे कॉलेजचं कॅलेंडर होतं. पण तेवढं ऐकायला थांबतं कोण? पारावरचा पत्त्यांचा डाव तसाच टाकून माणसं उठली. बोर धरणाच्या बाजूने जंगल आहे, त्या दिशेने पांढरी धोतरं अशी सुटली की पाहत राहावं! सर्वांत पुढे एक मनुष्य होता. पन्नाशीचा. चार लेकरांचा बाप. मी चालीवरून ओळखला. माझाच.

पटांगणात बाया तेवढ्या जमल्या, आज कोण सापडते ते पाहायला. सरांनी त्यांच्यासमोर भाषण केलं आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्टात लिहिलं, 'मेळाव्यास महिलावर्गाचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला.'

वडील दिवस कलताना परतले. धोतर काट्याने फाटलेलं. मी म्हटलं, "बाबा, मी होतो ना जिपीत! मले पाहून तरी थांबायचं!"

"तुले पाहूनच तं पळालो," वडील धापा टाकत म्हणाले. "म्हटलं, कालेज सोडून पोट्टा त्याच खात्यात लागला!"

* * *

कोर्सच्या शेवटी प्रोजेक्ट होता. सर म्हणाले, "आपण कॅसेट काढू." गाणार कोण? सुनंदाने वडिलांचं नाव सांगितलं.

गोविंदराव ताकसांडे कापसाच्या प्रेसिंग फॅक्टरीत गाठी बांधायचे. भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे. सुट्टीच्या दिवशी त्यांची गायन पार्टी निघायची. जयंती असो, लग्न असो, नाव ठेवणं असो, नालवाडीत गोविंदरावांशिवाय पान हलत नसे. सगळी गाणी त्यांनी स्वतः बांधलेली.

एका रविवारी सकाळी फिजिक्सच्या लॅबमध्ये रेकॉर्डिंग ठेवलं, कारण तिथले पडदे जाड होते. गोविंदराव इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. सोबत त्यांचा ढोलकीवाला आणि त्यांची स्वतःची पेटी. पहिलं गाणं सुरू झालं आणि माझ्या अंगावर काटा आला. संगीताच्या कोर्सला येऊन दोन वर्षं झाली होती. गाणं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

शेवटची ओळ आली : 'नालवाडीचा गोविंदा सांगे, शिकू द्या माह्या लेकीले!'

"थांबा!" सरांनी हात वर केला. "हे गोविंदा काय आहे?"

"नाव हाय सर, माह्यं. ज्यानं गानं बांधलं, त्याचं नाव आखरीले येते. आमच्यात तशी रीत हाय."

"सगळ्या गाण्यांत आहे?"

"आठही गान्यात जी."

सरांनी विचार केला. मग म्हणाले, "प्रोजेक्ट डिपार्टमेंटचा आहे. संकल्पना माझी आहे. तिथे माझं नाव यायला पाहिजे."

त्याच आठवड्यात सरांनी आम्हाला कॉपीराइटचा धडा शिकवला होता. दुसऱ्याच्या गाण्याला आपलं नाव लावणं हा गुन्हा आहे, हे फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. आम्ही सहाही पोट्ट्यांनी जमिनीकडे पाहिलं. इंटर्नलचे मार्क सरांच्या हातात होते. सुनंदा मात्र उठली. तिचं तोंड लाल झालं होतं. गोविंदरावांनी तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं.

"बस. पाहून घेऊ दे."

त्यांनी डोळे मिटले, भाता ओढला आणि म्हणून पाहिलं, "प्राध्यापक पुरुषोत्तम सायंकार सांगे..." ढोलकीवाला 'पुरुषोत्तम'वर अडखळून थांबला. गोविंदरावांनी लय कमी केली. पुन्हा म्हटलं. मग प्राध्यापक काढून म्हटलं. मग नुसतं आडनाव घेऊन म्हटलं. थट्टा नव्हती त्यात. शिंपी माप घेतो तसं ते मन लावून करत होते. शेवटी त्यांनी पेटीवरून हात काढले आणि जोडले.

"सर, लय आडवं-उभं करून पाह्यलं. तुमचं नाव सुरात बसतच नाई जी."

"मग ती ओळच नको," सर म्हणाले. "कापा."

आठही गाणी शेवटच्या ओळीशिवाय रेकॉर्ड झाली. गाणं चढत चढत जायचं, शेवटच्या कडव्याच्या टोकाला पोचायचं, आणि खट्! बंद.

सायकल स्टँडवर सुनंदा रागाने रडत होती. "काऊन ऐकलं तुम्ही त्याचं, बाबा?"

"तुले डिप्लोमा पाह्यजे ना?" गोविंदराव कुलूप काढत म्हणाले. "अन् ओळ कुठं जाते व? हाय ना माह्याजवळ."

कॅसेटचं कव्हर छापून आलं. त्यावर टाय लावलेल्या सरांचा फोटो. 'संकल्पना, संगीत, मार्गदर्शन : प्रा. पुरुषोत्तम सायंकार.' खाली बारीक अक्षरात 'सहकार्य', आणि त्यात गोविंदरावांचं नाव. कॅन्टीनवाल्याच्या नंतर.

प्रकाशन कॉलेजच्या हॉलमध्ये, सकाळी अकरा वाजता. नागपूरहून विद्यापीठाचे एक मोठे साहेब पाहुणे म्हणून आलेले. आणि नालवाडीहून दोनशे माणूस! आपल्या गोविंदरावाची कॅसेट निघते म्हणून बाया कडेवर लेकरं घेऊन, ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. गर्दी पाहून सर प्रिन्सिपॉलांच्या कानात म्हणाले, "हे मार्केटिंग!" गोविंदरावांना स्टेजवर खुर्ची नव्हती. ते पाचव्या रांगेत बसले.

भाषणं झाली. मग सर म्हणाले, "आता आपण नमुना ऐकू." टेपरेकॉर्डरवर सुनंदा होती. तिने बटण दाबलं.

गाणं सुरू झालं. लोक मनातल्या मनात म्हणायला लागले, मान डोलायला लागली. शेवटचं कडवं आलं. खट्!

 आणि मग दोनशे गळ्यांतून एकदम,

"नालवाडीचा गोविंदा सांगे, शिकू द्या माह्या लेकीले!"

सरांनी सुनंदाला खुणावलं, बंद कर. सुनंदा छताकडे पाहत होती. दुसरं गाणं लागलं. चढलं. खट्! पुन्हा दोनशे गळे, पुन्हा नालवाडीचा गोविंदा. या वेळी बायांनी टाळ्या धरल्या. तिसऱ्या गाण्याला आम्ही सहा पोट्टेही उठलो. चौथ्याला दारातले खोडे बाबूही ओरडले! गोविंदरावांची मान खाली होती आणि खांदे हलत होते. हसत होते की रडत होते, मला मागून दिसलं नाही.

कॅसेटची एक बाजू संपली. सरांनी रुमालाने मान पुसली. तेवढ्यात पाहुणे साहेब खुर्चीवरून उठले, लगबगीने आले आणि त्यांनी सरांचा हात दोन्ही हातांत धरला. माईक चालूच होता.

"वा, सायंकार, वा! शेवटची ओळ रिकामी ठेवायची, आणि ती लोकांनी भरायची! इतकी वर्षं कार्यक्रम पाहतो आहे, असं कुठे पाहिलं नाही. कोणाची हो ही कल्पना?"

 सुनंदाचं बोट बटणावर होतं. पाचव्या रांगेत गोविंदरावांनी मान वर केली.

सर म्हणाले, "माझीच, साहेब."